स्पर्धात्मक जलतरणातील तंत्रपोशाख आणि त्यांवरील बंदी : एक चिकित्सा

प्रास्ताविक

जुलै २००९ मध्ये रोम येथे जागतिक जलतरण स्पर्धेच्या निमित्ताने भरलेल्या अधिवेशनात ‘फिना’ या आंतरराष्ट्रीय जलतरण महासंघाने १६८ विरुद्ध ६ अशा मताधिक्याने एक ठराव संमत केला. जलतरणपटूंचे पोशाख यापुढे केवळ विणलेल्या वस्त्राचेच असावेत, असा त्याचा आशय होता. त्या अनुषंगाने १ जानेवारी २०१० पासून पुरुषांचा पोशाख कमरेपासून गुडघ्यापर्यंत आणि स्त्रियांचा खांद्यापासून गुडघ्यापर्यंत मर्यादित झाला. वस्त्राची जाडी ०.८ मिलिमीटरहून अधिक नसावी व त्याची उत्प्लावकता अर्ध्या न्यूटनच्या पुढे जाऊ नये, असेही ठरले. २०२२ च्या अखेरीस या महासंघाने ‘वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्स’ हे नाव धारण केले. नियमाचा गाभा मात्र कायम राहिला.

हा निर्णय आता जुना झाला असला तरी त्याची चर्चा संपलेली नाही. धावण्याच्या स्पर्धेतील कार्बनपट्टीचे बूट, सायकलस्वारांचे अंगरखे, नेमबाजांची जाकिटे या प्रत्येक प्रसंगी जलतरणाचा दाखला दिला जातो. तो देताना बंदीचे कारण म्हणून बहुधा ‘महागड्या पोशाखामुळे गरीब खेळाडूंवर होणारा अन्याय’ एवढेच सांगितले जाते. प्रस्तुत लेखात या कारणाची चिकित्सा करावयाची आहे. बंदी योग्यच होती. परंतु ज्या कारणाने ती प्रामुख्याने समर्थनीय ठरते ते कारण वेगळे आहे, आणि ते नीट न ओळखल्यामुळे नियमात व विक्रमांच्या नोंदीत काही उणिवा राहून गेल्या आहेत, असे येथे प्रतिपादन केले आहे.

पोशाख नेमके काय करीत होता?

पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट घन आहे. पोहणाऱ्याची शक्ती मुख्यतः या माध्यमाचा अवरोध तोडण्यात खर्च होते, आणि वेग वाढू लागला की हा अवरोध साधारणतः वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे अवरोधात झालेली थोडीशी घटही ५० किंवा १०० मीटरच्या शर्यतीत मोलाची ठरते. जलतरणपटू अंगावरील केस काढतात ते याच कारणाने. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये शार्कच्या त्वचेची आठवण करून देणारे, अंगभर चढवायचे पोशाख आले, तेव्हाच वादाला तोंड फुटले होते. क्रीडा लवादाने त्या वर्षी दिलेल्या सल्लावजा अभिमतात फिनाच्या मान्यतेला बाध आणला नाही. ते पोशाख निदान कापडाचे होते.

फेब्रुवारी २००८ मध्ये स्पीडो कंपनीने ‘एलझेडआर रेसर’ हा पोशाख बाजारात आणला. नायलॉन व इलास्टेनच्या विणीवर पॉलियुरेथेनचे पट्टे बसविलेले, शिवणीऐवजी ध्वनिलहरींच्या साहाय्याने सांधलेले जोड, आणि अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेच्या वातबोगद्यात घेतलेल्या चाचण्या, अशी त्याची ख्याती होती. तो अंगात चढविण्यास वीस-वीस मिनिटे लागत. शरीर सर्व बाजूंनी आवळले जाऊन त्याचा आकार अधिक निमुळता होई, स्नायूंची थरथर कमी होई, आणि थकव्याने कंबर खाली झुकू लागली तरी पोशाख तिला वर धरून ठेवी. पुढच्याच वर्षी जाकेड, अरेना या कंपन्यांनी जवळजवळ संपूर्ण पॉलियुरेथेनचे पोशाख आणले. त्यांतून पाणी आत शिरत नव्हते. अंग व पोशाख यांच्यामध्ये हवा अडकून राही आणि पोहणारा पाण्यात किंचित वर तरंगे.

हा शेवटचा मुद्दा समजून घेण्यास प्रयोगशाळेची गरज नाही. सोलापूर जिल्ह्यातील खेड्यांत उन्हाळ्याच्या सुट्टीत विहिरीवर पोहायला शिकणाऱ्या मुलाच्या पाठीला वाळलेला भोपळा, पांगाऱ्याचे लाकूड किंवा झाकण पक्के बसविलेला रिकामा डबा बांधण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. डबा बांधलेला असतो तोवर मुलगा ‘शिकतो आहे’ असे म्हणतात. डबा सुटल्यावर तो ‘पोहतो’ असे म्हणतात. फिनाच्या नियमावलीतही हाच भेद वेगळ्या शब्दांत होता. वेग, तरंगणे किंवा दमसास यांना साहाय्य करणारे कोणतेही साधन वापरण्यास स्पर्धकाला मनाई करणारा नियम या पोशाखांच्या कितीतरी आधीपासून पुस्तकात होता. तेव्हा २००८ मध्ये उणीव नियमाची नसून तो लागू करण्याच्या इच्छेची होती. पोशाख हे ‘साधन’ आहे की ‘वेश’, या प्रश्नाचे उत्तर महासंघाने दीड वर्ष टाळले, आणि या दीड वर्षातच सारा गोंधळ झाला.

बीजिंग ते रोम

ऑगस्ट २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकमध्ये जलतरणात २५ जागतिक विक्रम नोंदले गेले. त्यांपैकी २३ एलझेडआर परिधान केलेल्यांचे होते. काही खेळाडू त्या वर्षी एकावर एक दोन पोशाखही चढवू लागले. मार्च २००९ मध्ये दुबई येथे महासंघाने एका वेळी एकच पोशाख आणि एक न्यूटनपर्यंत उत्प्लावकता अशा मर्यादा आखल्या. परंतु उत्पादकांच्या दबावापुढे त्यांची धार बोथट झाली. रोममध्ये एका स्पर्धेत ४३ जागतिक विक्रम झाले. बंदीचा ठराव आणि बंदी घातलेल्या पोशाखातील विक्रमांची ही रास या दोन्ही गोष्टी एकाच शहरात, एकाच आठवड्याच्या आगेमागे घडल्या, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

रोममधील २०० मीटर फ्रीस्टाइलची शर्यत या संदर्भात नेहमी सांगितली जाते. २८ जुलै २००९ रोजी जर्मनीच्या पॉल बीडरमान याने १ मिनिट ४२.०० सेकंद अशी वेळ देऊन मायकेल फेल्प्सला मागे टाकले. फेल्प्सच्या अंगावर आदल्या वर्षीचा एलझेडआर होता, तर बीडरमानच्या अंगावर अरेनाचा पॉलियुरेथेनचा पोशाख. पोशाखामुळे फरक पडतो, हे बीडरमानने उघडपणे मान्य केले. पुढे कापडी पोशाखात तो त्या वेळेच्या जवळ पुन्हा गेला नाही. त्याच स्पर्धेत ४०० मीटरमध्ये त्याने इयान थॉर्पचा २००२ मधील विक्रम केवळ एक शतांश सेकंदाने मोडला. हा विक्रम मोडण्यास एप्रिल २०२५ उजाडावा लागला, आणि तो मोडणारा लुकास मेर्टेन्सही जर्मनच निघाला. (थॉर्पनेही आपला विक्रम अंगभर पोशाखातच केला होता, हे मात्र त्याचे चाहते सोयीने विसरतात.)

किमतीच्या युक्तिवादाची मर्यादा

आता प्रचलित कारणाकडे वळता येईल. एलझेडआरच्या पूर्ण पोशाखाची किंमत अमेरिकेत सुमारे ५५० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या विनिमय दराने वीस हजार रुपयांहून अधिक होती. त्या काळी महाराष्ट्रातील प्राथमिक शाळेच्या शिक्षणसेवकाला दरमहा ३,००० रुपये मानधन मिळे. सहा-सात महिन्यांचे मानधन एका पोशाखावर, आणि तो पोशाख मोजक्याच शर्यतींत सैल पडणारा! अशा परिस्थितीत किमतीचा प्रश्न क्षुल्लक म्हणता येणार नाही.

भारतीय वाचकाला या ठिकाणी हॉकीची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि भारत सातव्या स्थानावर घसरला. ज्या देशात अशी मैदाने नव्हती त्या देशाच्या खेळाचे कौशल्य एका निर्णयाने अवमूल्यित झाले, ही तक्रार आपल्याकडे पिढीभर ऐकू आली. तीत तथ्य आहे. परंतु ती पुरी नाही. कारण नंतर मैदाने आली तरी पदके लगेच परतली नाहीत. किमतीचा युक्तिवाद असाच अर्ध्यावर थांबतो. उद्या एखाद्या उत्पादकाने हा पोशाख दोनशे रुपयांत उपलब्ध करून दिला, किंवा शासनाने तो प्रत्येक खेळाडूला विनामूल्य वाटला, तर बंदीचे समर्थन कोसळेल काय? किंमत हेच मुख्य कारण असेल तर कोसळले पाहिजे. शिवाय जलतरणात किंमत केवळ पोशाखाची नसते. वर्षभर वापरता येणारा ५० मीटरचा तलाव, पहाटेच्या सरावाला वेळ देणारा प्रशिक्षक, आहार, प्रवास या साऱ्यांपुढे पोशाखाचा खर्च लहान आहे. आणि यांपैकी कशावरही कोणी बंदी मागत नाही. सोलापूरसारख्या पाण्याची ओढ असलेल्या जिल्ह्यातील होतकरू मुलाची पहिली अडचण पोशाख ही नाही, भरलेला तलाव ही आहे.

दुसरा प्रतिवादही लक्षात घेतला पाहिजे. तंत्रज्ञान सर्वच खेळांत येते, मग पोशाखावरच राग का? लाटा शोषून घेणाऱ्या मार्गिका-दोऱ्या, खोल तलाव, पाय टेकण्यास मागे कललेली पट्टी असलेले आरंभमंच यांनीही वेळा खाली आल्याच. हा आक्षेप बिनतोड वाटतो. पण त्याला उत्तर आहे. तलाव, दोरी, मंच ही एका शर्यतीतील आठही जणांना समान असतात. डोळ्यांवरचा चष्मा व्यक्तिगत असला तरी तो डोळ्यांचे रक्षण करतो, शरीराला पुढे ढकलीत नाही. क्रिकेटमध्ये डिसेंबर १९७९ मध्ये पर्थच्या कसोटीत डेनिस लिलीने ॲल्युमिनियमची बॅट आणली, तेव्हा ती मैदानाबाहेर गेली व पुढे बॅटचे पाते लाकडाचेच असावे असे नियमाने ठरले. तेथे प्रश्न परवडण्याचा नव्हता. खेळात कशाची परीक्षा घ्यावयाची, हा होता.

खरे कारण : वेळेचा अर्थ

जलतरण हा मोजमापाचा खेळ आहे. यात प्रतिस्पर्ध्याला चकविण्याला वाव नाही, पंचाच्या आवडीनिवडीलाही नाही. घड्याळ जे सांगते तेवढेच खरे. म्हणून घड्याळाने सांगितलेला आकडा पोहणाऱ्याविषयीच काही सांगतो, ही श्रद्धा या खेळाचा पाया आहे. पॉलियुरेथेनच्या पोशाखाने नेमका हा पाया हलविला. पोशाखाने सर्वांना सारखाच लाभ होत असता, तर सर्वांच्या वेळा सारख्याच खाली येऊन अनुक्रम कायम राहिला असता. नवे आकडे जुन्यांशी तुलनीय राहिले नसते इतकेच. परंतु लाभ सारखा नव्हता. ज्याचे शरीर मुळात सडसडीत व घट्ट, ज्याची कंबर सरावाने पाण्याच्या पृष्ठालगत राहते, त्याच्यासाठी पोशाखाला सुधारण्यासारखे फार थोडे उरत असे. ज्याचे अंग सैल, ज्याचे पाय शर्यतीच्या अखेरीस बुडू लागतात, त्याला पोशाख अधिक हात देई. म्हणजे वर्षानुवर्षे घासून कमावलेला पाण्यातील तोल एकाकडे आणि तोच तोल बाजारातून आणलेला दुसऱ्याकडे, अशी स्थिती झाली. घड्याळ दोघांत भेद करू शकत नव्हते. हा पोशाख फुकट वाटला असता तरीही हा दोष नाहीसा झाला नसता, आणि बंदीचे खरे समर्थन येथे आहे.

या दोषाची झळ कोणाला लागते? सामान्यतः असे मानले जाते की ज्याला पोशाख मिळाला नाही त्याला. वस्तुतः ज्याने नियमाच्या चौकटीत राहून प्रामाणिकपणे पोहून दाखविले, त्यालाही ती तितकीच लागते. महाराष्ट्रातील उदाहरण पाहावे. कोल्हापूरचे वीरधवल खाडे वयाच्या सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिंपिकमध्ये ५०, १०० व २०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये उतरले. २००९ मध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइलचा राष्ट्रीय विक्रम नोंदविला. त्या वर्षी पूर्ण देह झाकणारे पोशाख वैध होते. विक्रमाच्या तक्त्यात वेळ असते, स्थळ असते, तारीख असते; पोशाखाचा रकाना मात्र नसतो. परिणामी २००८ व २००९ मधील प्रत्येक जलतरणपटूच्या कामगिरीभोवती, त्याच्या अंगावर काहीही असो, एक प्रश्नचिन्ह उगीचच घोटाळत राहते.

खाडे यांनी या प्रश्नाला पाण्यातूनच उत्तर दिले, असे म्हणावे लागेल. नोव्हेंबर २०१० मध्ये ग्वांगझू येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये २४.३१ सेकंदांची वेळ देऊन त्यांनी कांस्यपदक मिळविले. १९८६ मध्ये सोल येथे खजानसिंग यांनी मिळविलेल्या रौप्यपदकानंतर आशियाई स्पर्धेतील जलतरणात भारताचे हे पहिलेच पदक होते. चोवीस वर्षांनी आलेले हे पदक बंदीनंतरचे, गुडघ्यापर्यंतच्या कापडी पोशाखातील आहे. २०११ मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. मधल्या काळात महाराष्ट्र शासनात तहसीलदारपदाची नोकरी आली, खेळ मागे पडला. तरीही २०१८ मध्ये जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत, सत्ताविशीच्या उंबरठ्यावर असताना, त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइलमधील आपलाच २००९ चा राष्ट्रीय विक्रम काही शतांश सेकंदांनी मागे टाकला. अंतिम फेरीत पदक हुकले ते एक शतांश सेकंदाने.

या काही शतांशांचे मोल केवळ तक्ता पाहणाऱ्याला कळणार नाही. नऊ वर्षांत इतकी अल्प प्रगती, असा निष्कर्ष तो काढील. दोन्ही वेळांच्या मागील नियम वेगळे होते हे ठाऊक असलेला वाचक मात्र दुसऱ्या आकड्याकडे अधिक आदराने पाहील. एकाच माणसाच्या दोन वेळांची तुलना करण्यासाठीही जेथे नियमांचा इतिहास ठाऊक असावा लागतो, तेथे दोन पिढ्यांतील खेळाडूंची तुलना कशी करावी? बंदी घालताना महासंघाने त्या काळातील विक्रम रद्द केले नाहीत. ते योग्यच झाले, कारण तत्कालीन नियम कोणी मोडला नव्हता. परंतु त्या विक्रमांपुढे साधी खूणही केली नाही, ही चूक झाली. खूण केल्याने कोणाचा अपमान झाला नसता. वाऱ्याचा वेग मर्यादेपलीकडे असेल तर धावण्याच्या वेळेपुढे तशी नोंद करतातच. खूण नसल्यामुळे बंदी लागू झाल्यानंतर जुलै २०११ पर्यंत, म्हणजे शांघायच्या जागतिक स्पर्धेत रायन लोक्टी याने २०० मीटर वैयक्तिक मेडलेचा विक्रम करीपर्यंत, लांब तलावातील एकही जागतिक विक्रम झाला नाही, आणि एका संपूर्ण पिढीला आपण मागे पडत आहोत असे वाटत राहिले.

कापड म्हणजे काय?

नियमाचा दुसरा विवाद्य भाग त्याची व्याख्या आहे. सुट्या, परस्परांत न चिकटविलेल्या धाग्यांपासून विणून वा गुंफून तयार झालेले ते वस्त्र, असा तिचा मथितार्थ आहे. ज्या शहराच्या चादरीला व टॉवेलला भौगोलिक निर्देशांक लाभला आहे आणि जेथे यंत्रमागाचा आवाज ऐकत मुले वाढली, त्या सोलापूरच्या वाचकाला ही व्याख्या परिचित वाटेल. ताणा आणि बाणा दाखविता येतो ते कापड, हे विणकराचे शहाणपण तिच्यात आहे. पण बोलीत मेणकापडालाही कापडच म्हणतात. एलझेडआर हे एक प्रकारचे मेणकापडच होते : आत वीण, वर लेप. २००८ मध्ये उत्पादकांनी या संदिग्धतेचाच लाभ घेतला. धागे सुटे हवेत, ही अट घालून नव्या नियमाने ती वाट बंद केली, हे मान्य केले पाहिजे.

तरीही व्याख्या पदार्थाची झाली, परिणामाची नाही. धागा सुटा असला की झाले. मग त्या धाग्यात कार्बनचा तंतू गुंफावा, वीण अशी बसवावी की ताण नेमक्या स्नायूवर पडावा, याला आडकाठी राहिली नाही. जाडी व उत्प्लावकता यांच्या मर्यादांनी तरंगण्याचा प्रश्न सोडविला. अर्धा न्यूटन म्हणजे जेमतेम पन्नास ग्रॅम वजनाचा आधार, तो नगण्य म्हणता येईल. आवळण्याचा प्रश्न मात्र शिल्लक राहिला. आजचे मान्यताप्राप्त शर्यतीचे पोशाखही हजारो रुपयांचे असतात, अंगात चढविण्यास मेहनत लागते आणि काही शर्यतींत त्यांचा ताण ओसरतो. लंडन ऑलिंपिकमध्ये २०१२ साली नव्या नियमांखाली नऊ जागतिक विक्रम झाले. ते पोहण्याच्या तंत्रातील सुधारणेचे की विणीतील, हा प्रश्न सौम्य स्वरूपात तसाच आहे. वरच्या पातळीवर तो सहन करता येतो, कारण तेथे सर्वांकडे जवळजवळ सारखेच पोशाख असतात. खालच्या पातळीवर, जिल्हा व आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत, तो सहन करण्याचे कारण नाही.

महाविद्यालयीन स्पर्धांपुरते

अमेरिकेतील जलतरण संघटनेने सप्टेंबर २०२० पासून बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना तंत्रपोशाख वापरण्यास मनाई केली. वाढत्या वयात वेळ सुधारते ती सरावाने, हे मुलाला व पालकाला कळावे, हा त्यामागील विचार पटण्यासारखा आहे. आपल्याकडील आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांना हा विचार अधिकच लागू पडतो. आपले विद्यार्थी वयाने मोठे असले तरी सरावाने नवखे असतात. अनेकांचे पोहणे विहिरीत, कालव्यात किंवा भीमेच्या पात्रात सुरू झालेले असते आणि वळणे घेण्याचे तंत्र ते महाविद्यालयात आल्यावर शिकतात. अशा स्पर्धेत एकाच्या अंगावर शर्यतीचा परदेशी पोशाख आणि शेजारच्या मार्गिकेत साधी चड्डी असेल, तर निकालातून क्रीडाशिक्षकाला काहीच कळत नाही. संघनिवड ज्या वेळेवर करावयाची ती वेळच संशयास्पद होते. येथेही गरिबीचा कळवळा हे कारण पुढे करण्याची गरज नाही. निवड चुकू नये, एवढे कारण पुरेसे आहे.

यास दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, राष्ट्रीय पातळीवर हेच पोशाख चालतात, मग विद्यार्थ्याला त्यांची सवय कधी व्हावी? सवय सरावात होऊ शकते, आणि निवड झालेल्या चार-सहा जणांसाठी विद्यापीठाने पोशाख पुरविणे हे शंभर स्पर्धकांनी तो विकत घेण्यापेक्षा स्वस्त आहे. दुसरा आक्षेप अंमलबजावणीचा. तलावाच्या काठावर कोणता पोशाख ‘तांत्रिक’ आणि कोणता साधा हे पंचाने कसे ओळखावे? मान्यताप्राप्त शर्यतीच्या पोशाखावर जागतिक महासंघाच्या मान्यतेची खूण छापलेली असते. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ती खूण नसेल तर पोशाख नाकारतात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत ती असेल तर नाकारावा. स्पर्धेच्या परिपत्रकात तसे एक वाक्य घालावे लागेल, आणि निकालपत्रकात एक रकाना.